रात्रीचं झटपट जेवण : पिठलं-भात (इयत्ता ५ वी, परिसर अभ्यास व गणित)

संध्याकाळी सात वाजता आई कामावरून, शेतावरून घरी येते. सगळ्यांना भूक लागलेली असते. घरात भाजी नसते. अशा वेळी महाराष्ट्रातल्या घराघरांत एकच उत्तर असतं – पिठलं! आज आपण हे जेवण मोजून, समजून घेऊया.

साहित्य (४ माणसांसाठी)
बेसन १ वाटी, पाणी ३ वाट्या, कांदा १, हिरव्या मिरच्या ३, लसूण ६-७ पाकळ्या, तेल २ चमचे, मोहरी, जिरं, हिंग, हळद, मीठ, कोथिंबीर. भातासाठी तांदूळ दीड वाटी आणि पाणी ३ वाट्या.

कृती
१) तांदूळ धुऊन कुकर लावा.
२) कांदा, मिरची, लसूण, कोथिंबीर चिरा.
३) बेसनात १ वाटी गार पाणी थोडं थोडं घालून गुठळ्या मोडा.
४) तेलात मोहरी, जिरं, हिंग, लसूण, मिरची, हळद घाला. कांदा परता. २ वाट्या पाणी व मीठ घालून उकळी आणा.
५) कालवलेलं बेसन हळूहळू ओता, सतत ढवळा. झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणा. वरून कोथिंबीर.

करून पहा
दोन वाट्यांत एकेक चमचा बेसन घ्या. एकीत गार पाणी घाला, दुसरीत मोठ्यांकडून कडकडीत पाणी एकदम ओतून घ्या. दुसऱ्या वाटीत गुठळ्या होतात. एक गुठळी फोडून बघा, आत पीठ कोरडंच दिसेल. का बरं? गरम पाण्याने पिठातला स्टार्च बाहेरच्या बाजूने लगेच फुगतो, चिकट होतो आणि पाण्याला आत जाऊ देत नाही. म्हणून आधी गार पाण्यात कालवायचं.

माहीत आहे का तुम्हांला?
उघड्या भांड्यात पाणी साधारण १००° सेल्सिअसला उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२०° पर्यंत तापतं. म्हणून भात लवकर शिजतो. बेसन हे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. डाळ आणि भात एकत्र खाल्ले की एकातल्या प्रथिनांची उणीव दुसरं भरून काढतं.

सांगा पाहू : वेळेचं गणित
(वेळ अंदाजे धरली आहे. घरी घड्याळ लावून मोजा आणि बदला.)
तांदूळ धुणे ३ मिनिटे, कुकर शिजणे १२, वाफ जिरणे १०, चिरणे ८, बेसन कालवणे ३, फोडणी ५, पिठलं शिजवणे १०, ताटं-पाणी घेणे ४.

सगळी बेरीज ५५ मिनिटे. पण कुकर गॅसवर असताना आई रिकामी बसते का? नाही. ती तांदूळ धुते (३) आणि मग बाकीची कामं उरकते (८+३+५+१०+४ = ३०). म्हणजे एकटीने केलं तर ३३ मिनिटे.

आता कामं वाटू. ताई तांदूळ धुईल, बाबा चिरतील, तुम्ही बेसन कालवाल आणि ताटं घ्याल, आई फोडणी देऊन पिठलं शिजवेल. भाताला ३+१२+१० = २५ मिनिटे, पिठल्याला ८+५+१० = २३ मिनिटे. जेवण २५ मिनिटांत तयार.

जरा डोके चालवा
जेवण फक्त ८ मिनिटं लवकर झालं. मग फायदा काय? आईचं काम बघा : ३३ मिनिटांवरून १५ मिनिटांवर आलं! तिची १८ मिनिटं वाचली. कुकर तेवढाच वेळ घेतो, पण माणसाचे कष्ट वाटून कमी होतात. आणि हो, बेसन कालवायला मुलगा की मुलगी हे बेसन विचारत नाही.

हे नेहमी लक्षात ठेवा
गॅस आणि कुकर मोठ्यांनीच हाताळायचा. वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

स्वाध्याय
१) घरी ६ माणसं असतील तर बेसन व पाणी किती लागेल?
२) आठवडाभर कामांची अदलाबदल करून तक्ता बनवा. आईला एक दिवस फक्त ताटं घेण्याचं काम द्या.
३) त्या दिवशी वाचलेल्या वेळेत आईने काय केलं ते तिलाच विचारून चार ओळी लिहा.