डोळे वटारले, पण कळले का?

आईबाबांनो, एका घरातला प्रसंग सांगते. पाहुणे बसलेले. तिसऱ्या लाडवासाठी दोन्ही मुलांचे हात पुढे झाले, तशी आईनं डोळे वटारले. ताईनं हात आखडता घेतला. धाकट्यानं, ज्याला ऑटिझम आहे, निवांतपणे लाडू उचलला. पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "किती खुणावलं तुला!"

खुणावलं खरं, पण खूण पोचली का?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली मुलांना एक चित्र दाखवलं. मधोमध चार्लीचा चेहरा, चार कोपऱ्यांत चार प्रकारचा खाऊ, आणि चार्लीची नजर त्यातल्या एकावर. "चार्लीला काय हवंय?" इतर मुलांनी नजरेचा रोख पाहून उत्तर दिलं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांनी मात्र स्वतःला आवडणारा खाऊ दाखवला. दोन चेहऱ्यांपैकी आपल्याकडे कोण बघतंय, हे त्यांना सांगता येत होतं. म्हणजे डोळे दिसत होते. त्या डोळ्यांतलं 'मला हवंय' किंवा 'नको घेऊस' वाचता येत नव्हतं.

आणि नजरेला नजर देणं? आपल्याकडे नजर चुकवणारा खोटारडा ठरतो. या मुलांना तो न्याय लावू नका. नुशीन हाजीखानी यांच्या गटानं 2017 साली केलेल्या अभ्यासात, चेहऱ्यातल्या डोळ्यांकडेच बघायला लावलं तेव्हा ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूच्या आतल्या भागात, जिथे चेहरे आणि भावना झटकन टिपल्या जातात तिथे, इतरांपेक्षा जास्त खळबळ दिसली. सगळी मुलं सारखी नसतात. पण यातली अनेक माणसं मोठेपणी सांगतात, "एकतर तुमच्याकडे बघेन, नाहीतर तुमचं ऐकेन."

नवल वाटतं? मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणून बघा. तुमचीही नजर छताकडे जाईल.

म्हणून मुलाची हनुवटी धरून "माझ्याकडे बघ" म्हणणं सोडा. समोर बसण्यापेक्षा शेजारी बसा. तो गाडीचं चाक फिरवत असेल, तर तुम्हीही आधी ते चाक बघा, मग बोला. काही दाखवायचं असेल तर नुसती नजर नको. बोट दाखवा, वस्तूला हात लावा, तिचं नाव घ्या. आणि डोळ्यांनी जे सांगत होतात, ते तोंडानं सांगा, थोडक्यात आणि न रागावता.

त्या आईनं पुढच्या वेळी पाहुणे यायच्या आधीच सांगितलं, "लाडू दोनच." ताटली फिरली. दोन संपले, हात पुन्हा पुढे गेला. "दोन झाले," आई म्हणाली. तो घड्याळाच्या लंबकाकडे बघत होता. "दोन झाले," तोही म्हणाला, आणि हात मागे आला.