भाड्याच्या विद्युत् अवजारांकरितां परीक्षकयंत्राची निवड

बऱ्याच गांवांतून शेतकऱ्यांच्या संस्था सभासदांस अवजारें भाड्यानें देतात. पूर्वीं त्यांत नांगर, कुळव, पाभर व फवारणीचे पंप एवढींच असत. आतां कडबाकुट्टी, ड्रिल, ग्राइंडर, उफणणीचा पंखा, सिंगल फेज मोनोब्लॉक पंप आणि पंचवीस मीटरचे एक्स्टेंशन बोर्ड यांची त्यांत भर पडली आहे. नांगराचा फाळ झिजला तर तो डोळ्यांस दिसतो. विजेच्या अवजाराचें तसें नाहीं. ग्राइंडर फिरतो, पंप पाणी ओढतो, आणि तरीहि त्याच्या लोखंडी अंगांत वीज उतरलेली असूं शकते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला मनुष्य त्यास हात लावीपर्यंत ती कोणास कळत नाहीं. अशा मृत्यूच्या पंचनाम्यांत "विजेचा धक्का लागून" एवढेंच बहुधा लिहिलें जातें. अर्थिंगची तार कोठें तुटली होती, हें लिहिण्यास रकाना नसतो. सबब संस्थेनें अवजार हातीं देण्यापूर्वीं तें तपासावें, आणि त्यासाठीं पहिलें यंत्र कोणतें घ्यावें, याचा विचार येथें केला आहे.

प्रथम हें सांगणें अवश्य आहे कीं, दोषांपैकीं मोठा भाग यंत्रावांचून सांपडतो. चिरलेली केबल, चिकटपट्टीनें गुंडाळलेला सांधा, काळवंडलेला प्लग, तुटलेला दट्ट्या, आणि सर्वांत घातक म्हणजे मोडून टाकलेली अर्थची तिसरी पिन, हें सारें उजेडांत पाहिलें म्हणजे दिसतें. प्लग उघडून आंतील हिरवी तार स्क्रूखालीं घट्ट आहे कीं नाहीं तेंहि पाहावें. यंत्र घेतलें म्हणून ही पाहणी सोडणें म्हणजे वजनकांटा आणला म्हणून धान्य चाळणें सोडण्यासारखें आहे.

डोळ्यांस न दिसणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. एक, अर्थची तार प्लगपासून अवजाराच्या धातूच्या अंगापर्यंत अखंड आहे काय. दुसरी, चालू तारा व अंग यांमधील विद्युत्-रोधन शाबूत आहे काय. पहिलीसाठीं अत्यल्प रोध मोजावा लागतो, दुसरीसाठीं फार मोठा. साधा मल्टिमीटर या दोन्हींस अपुरा आहे. त्याच्या टोकांवर अवघ्या कांहीं व्होल्टांचा दाब असतो. पावसाळ्यांत ओल धरलेलें वेटोळें तेवढ्या दाबाला दाद देत नाहीं व आंकडा उत्तम दिसतो, आणि २३० व्होल्ट जोडतांच गळती सुरू होते. म्हणूनच रोधनाची परीक्षा ५०० व्होल्टांच्या एकदिश दाबाखालीं करतात. आमचे वायरमन या यंत्रास सरसकट "मेगर" म्हणतात, मग तें कोणत्याहि कंपनीचें असो.

इंग्लंडांत या कामासाठीं "पॅट टेस्टर" नांवाचें स्वतंत्र यंत्र वापरतात. अवजाराचा प्लग त्यांत खुपसून कळ दाबली कीं सर्व परीक्षा क्रमानें होतात व हिरवा वा तांबडा दिवा लागतो. हें ऐकून कांहीं संस्थांस तेंच मागविण्याचा मोह होईल. परंतु त्यांत आमच्या दृष्टीनें दोन अडचणी आहेत. त्याचें सॉकेट तेथील चपट्या पिनांच्या १३ अँपिअरच्या प्लगाचें, आणि आमचे प्लग ६ व १६ अँपिअरचे, गोल पिनांचे. मध्यें अ‍ॅडॅप्टर घालावा लागतो, आणि अ‍ॅडॅप्टरच ढिला असला तर अर्थचा आंकडा चुकतो. दुसरी अडचण अधिक मोठी. थ्री फेज मोटर अशा साध्या यंत्राला जोडतांच येत नाहीं, आणि विहिरीवरच्या मोटरी तर बहुतेक थ्री फेजच. शिवाय हिरवा दिवा "उत्तीर्ण" एवढेंच सांगतो, किती गुणांनीं तें सांगत नाहीं.

माझें मत असें कीं, पहिल्या खरेदीस अंकदर्शक रोधन-परीक्षक घ्यावा, मात्र त्यांत अर्थ-अखंडता मोजण्याची सोयहि असावी. एकाच यंत्रांत या दोन्ही सोयी मिळतात. विकत घेतांना २५०, ५०० व १००० व्होल्ट असे तीन दाब आहेत हें पाहावें. ज्या अवजारांत इलेक्ट्रॉनिक भाग असतील त्यांना २५० चा दाब उपयोगीं पडतो. अखंडतेची परीक्षा निदान २०० मिलिअँपिअर प्रवाहानें होत असावी; आंतरराष्ट्रीय आयईसी ६१५५७ या मानकांत तेवढीच किमान मर्यादा आहे. मोजणीच्या तारांचा स्वतःचा रोध वजा करण्याची सोय असावी. चुकून चालू तारेस लावल्यास यंत्रानें इशारा द्यावा, आणि परीक्षेनंतर सांठलेला दाब आपोआप उतरवावा. अंगावर "कॅट ३, ६०० व्होल्ट" अशी निशाणी असावी. सेल कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळणारे असावेत. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु खास बॅटरी संपून कपाटांत पडून राहिलेलें यंत्र कोणाचाच जीव वांचवीत नाहीं. कॅलिब्रेशनचा दाखला मागून घ्यावा, आणि पुढें तो कोठें नवा करून मिळेल तेंहि खरेदीपूर्वींच विचारावें. हातानें फिरविण्याचा जुना मेगर कोणाकडे असल्यास रोधनासाठीं तो टाकाऊ नाहीं. मात्र अर्थची तार त्यानें मोजतां येत नाहीं.

आतां आंकड्यांविषयीं. इंग्लंडांतील प्रघाताप्रमाणें अर्थ असलेल्या अवजाराचें रोधन निदान १ मेगओहम, व चौकोनांत चौकोन अशी खूण असलेल्या दुहेरी रोधनाच्या अवजाराचें निदान २ मेगओहम असावें. अर्थच्या तारेचा रोध ०.१ ओहम अधिक केबलीचा स्वतःचा, याहून जास्त नसावा. या "अधिक" शब्दाकडे दुर्लक्ष करूं नये. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१३ ओहम पडतो. म्हणजे पंचवीस मीटरच्या बोर्डास ०.३३ ओहम तारेचेच झाले, व ०.४३ पर्यंतचा आंकडा ग्राह्य ठरतो. हा हिशेब न करतां ०.१ चीच मर्यादा लावली तर चांगला बोर्ड भंगारांत जाईल. मोजतांना केबल प्लगजवळ व अवजाराच्या तोंडाशीं वांकवून हलवीत राहावें. आंकडा उड्या मारूं लागला तर आंतील धागे तुटत आले आहेत असें समजावें.

रोधन मोजतांना अवजाराची कळ चालू स्थितींत ठेवावी, नाहींतर कळीपलीकडचें वेटोळें तपासलेंच जात नाहीं. मोटरीच्या बाबतींत स्टार्टर प्रवाहावांचून जुळत नाहीं. म्हणून पुरवठा तोडून, मोटरीच्या तारा स्टार्टरवरून सोडवून, त्या एकत्र धरून अंगाशीं मोजावें. हें काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवावें. परीक्षेच्या ५०० व्होल्टांचाहि झटका बसतो, तेव्हां टोंकांस हात लावूं नये व मुलांना जवळ येऊं देऊं नये.

नोंदवहींत "ठीक" असें न लिहितां आंकडा लिहावा. समजा, एका पंपाचें रोधन मार्गशीर्षांत ८० मेगओहम, चैत्रांत ३० व श्रावणांत ४ भरलें. तिन्ही वेळां तो उत्तीर्णच. परंतु तिन्ही आंकडे एका ओळींत वाचणारा कारकून तो पुढच्या सभासदास देणार नाहीं, आधीं सुकवून उघडवील. प्रत्येक अवजारावर रंगानें क्रमांक घालावा. रकाने क्रमांक, तारीख, पाहणींतील दोष, अर्थ, रोधन व तपासणाऱ्याची सही एवढे पुरेत. अवजार परत येतांना केबल व प्लग पाहावे, आणि यंत्रानें मोजणी पावसाळ्यापूर्वीं व नंतर, तसेंच प्रत्येक दुरुस्तीनंतर करावी.

एक गोष्ट मात्र हें यंत्र सांगत नाहीं. अवजार निर्दोष असलें तरी सभासदाच्या मळ्यांतील सॉकेटला अर्थच नसेल, तर तें अवजार दोष उत्पन्न होतांच पूर्ववत् घातक. अर्थच्या खड्ड्याचा रोध मोजण्यास जमिनींत खिळे ठोकून मोजणारें निराळें यंत्र लागतें. तें तालुक्याच्या कंत्राटदाराकडून आणवावें. ज्यांस तें तूर्त शक्य नसेल त्या संस्थेनें भाड्याच्या प्रत्येक एक्स्टेंशन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून द्यावा, व त्याचें परीक्षेचें बटण सभासदाच्या देखत दाबून दाखवावें.