शब्दांवाचून रूपक

कार्तिक महिना लागला म्हणजे सिंधुदुर्गात गावोगावी जत्रा भरू लागतात आणि रात्री देवळाच्या आवारात दशावताराचा खेळ रंगतो. त्यात काळ्या वेषातील शंकासुर येतो. तो वस्तुतः वेद पळविणारा राक्षस. परंतु त्याने तोंड उघडण्यापूर्वीच, नुसती त्याची चाल पाहून मुले हसू लागतात.

अशाच एका चालीने १९१४ सालापासून पडद्यावरून जगाला हसविले. ती चार्ली चॅप्लिनची चाल होय. आखूड कोट, ढगळ विजार, मोठाले बूट, लहानशी टोपी आणि हाती वेताची छडी! चित्रपट तेव्हा मुके होते, आणि त्यांतील विनोद म्हणजे हलकी करमणूक, असे अनेक विद्वान मानीत. तरीही नव्या वाटा शोधणारे चित्रकार व कवी त्याकडे ओढले गेले. त्याचे कारण 'द गोल्ड रश' (१९२५) या चित्रपटातील एका प्रसंगात दिसते.

बर्फात अडकलेला, भुकेने व्याकूळ झालेला चार्ली आपला बूट शिजवितो. बुटाचे खिळे तो बांगड्याचे काटे चोखावेत तसे चोखतो. नाड्या शिरवाळ्यांप्रमाणे गुंडाळून खातो. (चित्रीकरणातील बूट ज्येष्ठमधापासून बनविलेला होता!) बूट पक्वान्नासारखा आहे असे म्हटले तर ती उपमा, बूट हेच पक्वान्न मानले की ते रूपक. एकही शब्द न उच्चारता चार्ली रूपक साधतो. प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी भूक किती दारुण असते, हेही त्याला उमगते.

चार्लीच्या आधीच्या चित्रपटांतही हे कसब होतेच. फेर्नां लेजे हा फ्रेंच चित्रकार पहिल्या महायुद्धात सैनिक होता. १९१६ साली तो रजेवर आला असता कवी अपोलिनेर याने त्याला चार्लीचा चित्रपट दाखविला. लेजेच्या चित्रांत माणसे नळकांड्यांची व यंत्राच्या भागांची बनलेली दिसत. चार्लीच्या तुटक, झटकेबाज हालचाली त्याला जवळच्या वाटल्या यात नवल नाही. त्याने लाकडी तुकड्यांचा चार्ली घडविला आणि १९२४ साली आपल्या 'बॅले मेकॅनिक' या चित्रपटाच्या आरंभी त्याला नाचविले.

अमेरिकन कवी हार्ट क्रेन याने १९२१ साली 'द किड' पाहिला. त्यात टाकून दिलेल्या अर्भकाला एक फाटका माणूस वाढवितो. धक्काबुक्कीच्या जगात मनातील कोवळीक जपणाऱ्या कवीची स्थिती अशीच असते, असे क्रेनला वाटले व त्याने 'चॅप्लिनेस्क' ही कविता लिहिली. स्पेनच्या लोर्काने मात्र कधीही न हसणाऱ्या बस्टर कीटनवर एक चिमुकले, विलक्षण नाटक रचले.

१९२७ नंतर बोलपटांची लाट आली. चार्ली मात्र पडद्यावर मुकाच राहिला. अखेर 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) मध्ये त्याला गाणे म्हणावे लागते. शब्द विसरू नयेत म्हणून ते बाह्यांच्या कफांवर लिहिलेले असतात. नाचता नाचता नेमके कफच उडून जातात! मग तो कोणत्याही भाषेत नसलेले शब्द ठेक्यात गाऊ लागतो, आणि हातवाऱ्यांवरून साऱ्या सभागृहाला गाण्यातील कथा कळते.