बर्फावर गाडी उलटली तेव्हा

मिशिगनमध्ये बारा-पंधरा हिवाळे काढले की माणसाला वाटायला लागतं, बर्फात गाडी चालवणं आता आपल्याला जमलं. मलाही तसंच वाटत होतं. २०२३ च्या जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पाचजण कॅलमझूहून डेट्रॉइटकडे हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला निघालो होतो. मी, पत्नी, दहा वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई. मिनीव्हॅनच्या मागच्या भागात हार्मोनियम आणि तिळगुळाच्या लाडवांचे दोन स्टीलचे डबे होते. रस्ता नुसता ओला दिसत होता, म्हणून मी ६० मैलांवर क्रूझ कंट्रोल लावला होता.

बॅटल क्रीक मागे टाकल्यावर एक लहानसा पूल लागला. त्यावर गाडीचा मागचा भाग डावीकडे सरकला. मी जोरात ब्रेक दाबला, म्हणजे नेमकं जे करू नये तेच केलं. गाडी आडवी होऊन मधल्या पट्ट्यात गेली, तिथल्या बर्फाखालच्या मऊ मातीत चाकं रुतली आणि ती उलटली. एक पूर्ण कोलांटी आणि वर अर्धी. थांबली तेव्हा आम्ही सगळे पट्ट्यांना उलटे लटकत होतो आणि गाडीभर तिळगूळ पसरला होता.

सगळे वाचलो. मुलाच्या भुवईवर डब्याचं झाकण लागून तीन टाके पडले, माझी मान आठवडाभर धरली होती. हे सांगून झाल्यावर लोक विचारतात, "नशीब म्हणायचं, नाही?" नशीब होतंच. पण काही गोष्टी नशिबाच्या नव्हत्या, त्या लिहून काढाव्यात म्हणून हा लेख.

आधी माझ्या चुका. पुलाच्या खालून थंड वारा वाहतो आणि जमिनीची ऊब त्याला मिळत नाही, त्यामुळे बाकीचा रस्ता ओला असतानाच पुलावर ब्लॅक आइस तयार झालेला असतो. निसरड्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल लावायचाच नाही, कारण चाक घसरतंय तरी तो ठरवलेला वेग राखायला बघतो. आमच्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल होता, २०१२ च्या मॉडेलपासून इथल्या सगळ्याच गाड्यांत तो सक्तीचा आहे. पण ते यंत्र एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करतं. चाकाला पकडच नसेल तर तेही काय करणार? अशा वेळी पाय पेडलवरून काढायचा आणि जिकडे जायचंय तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग हळू वळवायचं, हे मला तोंडपाठ होतं. त्या दोन सेकंदांत आठवलं नाही.

गाडी बर्फावर सहसा उलटत नाही, ती घसरते. घसरता घसरता चाक कठड्याला, मातीत किंवा साचलेल्या बर्फात अडकलं की उलटते. उंच गाडी लवकर उलटते. इथल्या सरकारच्या महामार्ग सुरक्षा खात्याचे २०१० चे आकडे पाहा: १०० अपघातांत जेमतेम २ वेळा गाडी उलटली, पण मोटारींच्या अपघातांत गेलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के माणसं याच प्रकारात गेली. आणि त्यांच्यातल्या ६९ टक्क्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

आता आईचा पट्टा. निघताना ती म्हणाली, "मागे बसलेल्याला कशाला हवाय?" त्या वेळच्या मिशिगनच्या कायद्यात मागच्या सीटवरच्या प्रौढांना सक्ती नव्हतीही. माझी पत्नी हट्टाला पेटली. नुसता पट्टा लावायला सांगून ती थांबली नाही, तर तिने आईचा जाड कोट पुढून उघडला, निऱ्यांचा घोळ खाली सारला आणि कमरेचा पट्टा पोटावरून खाली, दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसवला. साडी आणि कोट यांच्यावरून ओढलेला पट्टा वर सरकून पोटावर येतो. मग झटका आतड्यांना बसतो. तो हाडांवर होता म्हणून आईला फक्त काळानिळा वळ उठला. पोटावर असा वळ दिसला तर मात्र दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

मुलीचंही तेच. फुगीर कोट घालून कार सीटमध्ये बसवलं तर पट्टे घट्ट वाटतात, पण धक्क्याने कोट दबतो आणि पट्टे सैल पडतात. कोट काढून पट्टे आवळायचे, खांद्याजवळ ते चिमटीत धरता येतात का पाहायचं, आणि कोट वरून पांघरायचा. तिला ओरखडाही आला नाही. (हार्मोनियम मात्र मागून सुटून दोन सीटच्या मधून पुढे आली होती. आता ती दोरीने बांधल्याशिवाय गाडीत चढत नाही.)

उलटं लटकलेलं असताना घाईने पट्ट्याचं बटण दाबू नका. मी दाबलं आणि मानेवर आपटलो. आधी इंजिन बंद करायचं, एक हात छताला घट्ट टेकवायचा, पाय रोवायचे आणि मगच बटण. मोठ्यांनी आधी उतरायचं, मग मुलांना धरून सोडवायचं. त्यानंतर मी मदत मागायला रस्त्याकडे निघालो होतो, पत्नीने ओढून मागे आणलं. याच आय-९४ वर, गेल्सबर्गजवळ, ९ जानेवारी २०१५ ला १९३ गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. पहिला अपघात झाला तिथेच पुढचे होतात. गाडी रस्त्यापासून लांब असेल आणि पेट्रोलचा वास किंवा धूर नसेल, तर आतच थांबून ९११ ला फोन करावा.

आई सारखी "मला काही झालं नाही" म्हणत होती. पण ती हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करण्याची गोळी घेते. अशा माणसाच्या डोक्याला थोडा मार लागला तरी मेंदूभोवती हळूहळू रक्त साचू शकतं. अँब्युलन्सवाल्यांना गोळीचं नाव सांगितलं, तेव्हा तिला ताबडतोब सीटी स्कॅनला नेलं. स्कॅन चांगला आला, तरी रात्रभर ठेवून घेतलं. वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ यांवर पुढेही काही दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. आईवडील येतील तेव्हा औषधांची मूळ नावं इंग्रजीत लिहून त्यांच्या पर्समध्ये ठेवा.

आणि मग बिल आलं. पाच आकडी.

माझी समजूत होती की मिशिगनचा नो-फॉल्ट विमा गाडीतल्या सगळ्यांना पुरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तसं राहिलेलं नाही. मिशिगनची रहिवासी नसलेली व्यक्ती, तिच्या नावावर इथे नोंदवलेली आणि विमा असलेली गाडी नसेल, तर नो-फॉल्टच्या वैद्यकीय लाभाला पात्र नाही. म्हणजे पाहुणी आलेली आई मुलाच्याच गाडीत विम्याबाहेर. उरला मार्ग माझ्या लायबिलिटी विम्यावर दाव्याचा, म्हणजे आईने मुलाची चूक दाखवून भरपाई मागायची. हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "कोर्टात तुझ्याविरुद्ध उभी राहू, आणि संध्याकाळी तुझ्याकडेच जेवू?" विषय तिथेच संपला.

तिचा व्हिजिटर विमा होता, पण मी स्वस्तातला ठरीव रकमेचा घेतला होता. त्यात अँब्युलन्सला इतके, स्कॅनला इतके, अशा ठरावीक रकमा मिळतात, आणि त्या इथल्या दरांच्या आसपासही नसतात. कॉम्प्रिहेन्सिव्ह प्रकारात डिडक्टिबलनंतर खर्चाचा मोठा हिस्सा कमाल मर्यादेपर्यंत भरला जातो. वय ७० च्या पुढे गेलं की ती मर्यादा पुष्कळदा खाली येते, तेव्हा ती आधी वाचा. इतर राज्यांत राहणाऱ्यांनी आपल्या पॉलिसीत मेडिकल पेमेंट्स आहे का आणि ते पाहुण्यांना लागू होतं का, हे एजंटला विचारावं.

गाडीचं म्हणाल, तर उलटणं कोलिजनमध्ये मोडतं. हरिण आडवं येऊन धडकलं तर ते कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये. मिशिगनमध्ये कोलिजनचे तीन प्रकार आहेत आणि लिमिटेड हा सगळ्यांत स्वस्त, पण चूक निम्म्याहून जास्त तुमची असेल तर त्यात काही मिळत नाही. एकट्याच गाडीच्या अपघातात चूक बहुतेक तुमचीच ठरते, रस्त्यावर बर्फ होता म्हटलं तरी. आमचा ब्रॉड होता, डिडक्टिबल कापून पैसे मिळाले. मुलीच्या सीटचेही मिळाले. मोठ्या अपघातातून गेलेली सीट पुन्हा वापरायची नसते, म्हणून तिचे पट्टे कात्रीने कापून मगच ती कचऱ्यात टाकली, नाहीतर कुणीतरी चांगली दिसते म्हणून उचलून नेली असती.

आई या उन्हाळ्यात पुन्हा येते आहे. या वेळचा विमा कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतला आहे. हप्ता ऐकून ती म्हणाली, एवढ्यात साताऱ्याला नवा फ्रीज आला असता.