स्तनगत अर्बुद : वैद्याने केव्हा व कोणाकडे पाठवावे?

गुल्मचिकित्सेचे विवेचन करताना चरकाचार्य पक्व गुल्माच्या प्रसंगी थांबतात आणि येथून पुढील कर्माचा अधिकार धन्वंतरि-संप्रदायाच्या वैद्यांचा आहे, असे निःसंदिग्धपणे सांगतात. कायचिकित्सेचा एवढा थोर आचार्य स्वतःच्या अधिकाराची सीमा स्वतःच आखतो. हा भाग आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात वाचला, परीक्षेत लिहिला. दवाखाना सुरू झाल्यावर मात्र त्याचे विस्मरण होते. मला झाले होते, म्हणून हा लेखप्रपंच.

सुमारे बारा वर्षांपूर्वी बेचाळीस वर्षांची एक रुग्णा सासूबाईंसह माझ्याकडे आली. डाव्या स्तनात गाठ, दोन महिन्यांपासून. वेदना नाही, ज्वर नाही, स्राव नाही. दवाखान्यात त्या वेळी स्त्री मदतनीस नव्हती. मी संकोचलो, रुग्णाही संकोचली. वस्त्रावरूनच ओझरता स्पर्श करून मी 'मेदोज ग्रंथी' असे निदान लिहिले आणि कांचनार गुग्गुळ व वरुणादि क्वाथ सुरू केला. दुसऱ्या महिन्यात रुग्णा म्हणाली, ''थोडी मऊ वाटते.'' मी केसपेपरवर 'उपशय' असे नोंदवले. पाचव्या महिन्यात तिने स्वतःहून दाखवले, तेव्हा गाठीवरील त्वचेला खळी पडली होती आणि कक्षेत दोन कठीण ग्रंथी हाताला लागत होत्या. तो केसपेपर मी अद्याप जपून ठेवला आहे.

ग्रंथातील लक्षणे आणि आपले हात

स्तनाची कोणतीही तक्रार आली की आपण सुश्रुत निदानस्थानाचा दहावा अध्याय आठवतो, कारण स्तनरोगांचे वर्णन तेथे आहे. प्रसूतेचा स्तनविद्रधि ओळखण्यास तो पुरेसा आहे. परंतु गाठीचा विचार अकराव्या अध्यायाच्या आधारे करावयास हवा. तेथे अर्बुदाचे जे चित्र येते ते असे : वाटोळे, स्थिर, मंद वेदनेचे, मोठे, खोल मुळाचे, चिरकाल वाढणारे व न पिकणारे. यातील 'मंद वेदना' हे लक्षण व्यवहारात सर्वाधिक घात करते. रुग्णा सांगते, ''दुखत नाही, म्हणून आले नाही.'' आपणही वेदना नाही म्हणून निर्धास्त होतो. दुखणाऱ्या बहुतेक गाठी साध्या निघतात, हे खरे. पण न दुखणारी, कठीण, कडा अस्पष्ट असलेली गाठ त्याच दिवशी पुढे पाठवावी.

स्तनपरीक्षणासाठी स्त्री मदतनीस उपस्थित असावी. बसलेल्या आणि आडव्या अशा दोन्ही स्थितींत, बोटांच्या टोकांनी नव्हे तर सपाट भागाने, दोन्ही स्तन, दोन्ही कक्षा आणि जत्रूच्या वरचा प्रदेश तपासावा. चूचुक आत ओढले गेले आहे काय, त्यातून रक्तमिश्रित स्राव आहे काय, त्वचा संत्र्याच्या सालीप्रमाणे झाली आहे काय, हे पाहावे. एकाच चूचुकावर विचर्चिकेसारखा खवले धरणारा व्रण आठवडेच्या आठवडे बरा होत नसेल, तर लेप बदलत बसू नये. जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेली ती अवस्था असू शकते आणि तिच्या मुळाशी स्तनातील अर्बुद असते. तसेच स्तनविद्रधि समजून दिलेल्या औषधाने लाली व शोथ एक-दोन आठवड्यांत निवळत नसेल, विशेषतः ज्वर नसताना, तर शोथयुक्त कर्करोगाची शंका घ्यावी. आणखी एक गोष्ट : हा व्याधी पुरुषांतही होतो. प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. परंतु साठीच्या गृहस्थाच्या छातीवरील गाठीकडे कोणीच लक्ष देत नाही.

नुसत्या हाताच्या परीक्षणाने काय साधते, असा प्रश्न काही तरुण वैद्य विचारतात. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, हाताने स्तनतपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात व्याधी अलीकडच्या अवस्थेत सापडला. सर्व वयोगट एकत्र धरता मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाली नाही; मात्र पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हे काम डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य शिक्षित स्त्रियांनी केले होते. साडेपाच वर्षे शिकलेल्या आपणांस ते अवघड जाऊ नये. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णा आढळल्या आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले.

निदान करणारे तज्ज्ञ

निदान तीन पायांवर उभे असते : हाताने परीक्षण, प्रतिमा आणि सुईने घेतलेला तुकडा. तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय 'साधी गाठ' असा निर्वाळा देता येत नाही.

प्रतिमांचे काम रेडिऑलॉजिस्टचे. चाळिशीनंतर मॅमोग्राफी आणि त्याच्या जोडीला सोनोग्राफी. तरुण, घट्ट स्तनांत प्रथम सोनोग्राफी. अहवालाच्या शेवटी 'बायरॅड्स' असा अंक असतो. १ व २ म्हणजे निर्धास्त, ३ म्हणजे साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे, ४ व ५ म्हणजे तुकडा तपासणे आवश्यक. ० असल्यास तपासणी अपुरी आहे, 'काही नाही' असा त्याचा अर्थ नाही. ही चूक मी अनेक केसपेपरांवर पाहिली आहे. मॅमोग्राफी स्वच्छ आहे, पण हाताला गाठ लागते, अशा वेळी हातावर विश्वास ठेवावा. प्रतिमेतही काही अर्बुदे दिसत नाहीत.

तुकडा जाड सुईने, म्हणजे कोअर बायॉप्सीने घेतात. 'सुई टोचली की रोग पसरतो' हा समज आपल्या दवाखान्यांतूनच अधिक पसरतो, हे खेदाने नमूद करावे लागते. त्या भीतीपोटी रुग्णा गाठ थेट काढून घेते, आणि कित्येकदा ती काढलेली गाठ तपासणीस जातच नाही. पॅथॉलॉजिस्टकडे योग्य प्रमाणातील फॉर्मेलिनमध्ये तुकडा पोहोचला, तरच अर्बुदाचा प्रकार आणि ईआर, पीआर व हर-२ या ग्राहींची स्थिती कळते. पुढील सारी चिकित्सा या तीन अक्षरसमूहांवर ठरते. म्हणून मी पॅथॉलॉजिस्टला या संघातील मुख्य वैद्य मानतो, जरी रुग्णा त्यांचे तोंडही पाहत नाही.

चिकित्सा करणारे तज्ज्ञ

शल्यतज्ज्ञ शक्यतो कर्करोग-शल्यचिकित्सेचे विशेष शिक्षण घेतलेले असावेत. अर्बुदाचा अंश मागे राहिला तर ते पुन्हा उद्भवते आणि उरलेल्या अग्नीप्रमाणे रुग्णाचा घात करते, ही सुश्रुताची चेतावणी चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात आहे. आजचे शल्यतज्ज्ञ काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात, ते याच कारणासाठी. मात्र संपूर्ण निर्हरण म्हणजे प्रत्येक वेळी संपूर्ण स्तन काढणे नव्हे. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर आणि इटलीतील उंबेर्तो व्हेरोनेझी यांच्या गटांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. योग्य रुग्णांत गाठ काढून स्तन राखणे व त्यानंतर किरणोपचार देणे हे पूर्ण स्तन काढण्याइतकेच जीवनरक्षक ठरले. 'स्तन जाईल' या भयाने घरी बसलेल्या रुग्णेला एवढे सांगितले तरी ती उठून जाते.

औषधी-कर्करोगतज्ज्ञ केमोथेरपी, हर-२ वरील लक्ष्यवेधी औषधे व हार्मोनविरोधी गोळ्या योजतात. कित्येकदा केमोथेरपी शस्त्रक्रियेच्या आधी दिली जाते. येथे आपली जबाबदारी येते. ''ऑपरेशन करत नाहीत, म्हणजे हाताबाहेर गेले,'' असे समजून नातेवाईक रुग्णेला परत आणतात. उलटही घडते : दोन-तीन मात्रांनंतर गाठ हाताला लागेनाशी होते, रुग्णा बरी झाल्याचे मानते आणि शस्त्रक्रिया टाळते. दोन्ही प्रसंगी ती आपल्या दारी येते, आणि आपला एक शब्द तिला पुढे किंवा मागे नेतो.

किरणोपचारतज्ज्ञांचे काम बहुतांशी शेवटी येते. पूर्वी पाच आठवडे चालणारा उपचार आता अनेक रुग्णांत तीन आठवड्यांत, पंधरा बैठकांत होतो.

या काळात वैद्याने काय करू नये

केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात श्वेतपेशी खाली जातात. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ज्वर आला तर तो तातडीचा प्रसंग होय. ज्वरघ्न क्वाथ देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीच रुग्णालयात पाठवावे. या काळात बस्ति वा अन्य शोधनकर्मही करू नये. कक्षेतील ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हाताला सूज आली, म्हणून त्यावर जळवा लावणे किंवा सिरावेध करणे मी सर्वथा वर्ज्य मानतो. त्या हाताला लहानसा जंतुसंसर्गही महाग पडतो. किरणोपचाराच्या जागेवर तैल-घृत लावण्यापूर्वी त्या तज्ज्ञांना विचारावे.

टॅमॉक्सिफेन पाच वर्षे वा त्याहून अधिक घ्यावे लागते. ''गोळी उष्ण पडते'' म्हणून रुग्णा ती बंद करून येते. तिला पथ्य, आहार, निद्रा यांविषयी सल्ला जरूर द्यावा. गोळी बंद करण्यास मात्र कधीही मान्यता देऊ नये. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात हळदीतील कर्क्युमिन व मिरीतील पायपरीन एकत्र दिल्यावर टॅमॉक्सिफेनच्या कार्यकारी घटकाची रक्तातील मात्रा काही अंशी घटलेली आढळली. स्वयंपाकातील हळदीला हा आक्षेप नाही. पण हरिद्रा व त्रिकटूचे कल्प देताना कर्करोगतज्ज्ञांना कळवले पाहिजे. ईआर-ग्राही अर्बुदात मी शतावरी देत नाही. याविषयी मतभेद संभवतात.

'आयुर्वेदाने कर्करोग बरा' अशी पाटी लावणे १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपाय कायद्यानुसार गुन्हा आहे. पण पाटी नसली तरी मौनानेही तोच अर्थ पोहोचतो. अमेरिकेतील नोंदींवर आधारित, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रस्थापित चिकित्सा नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या स्तनकर्करोग-रुग्णांत मृत्यूचा धोका पाच पटींहून अधिक आढळला.

पाठवताना चिठ्ठीवर वय, गाठ प्रथम लक्षात आल्याचा दिनांक, बाजू, अंदाजे आकार, कक्षेतील ग्रंथी, पाळीची स्थिती, घराण्यातील इतिहास आणि आपण दिलेली सर्व औषधे लिहावीत. भस्मे दिली असल्यास लपवू नयेत. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार समाविष्ट आहेत, हे सांगून शिधापत्रिका बरोबर नेण्यास सांगावे. मुंबईला जाणे न जमणाऱ्यांसाठी बार्शीसारख्या ठिकाणीही कर्करोग रुग्णालय आहे. आठ दिवसांनी स्वतः दूरध्वनी करावा. माझ्या त्या रुग्णेला मी चिठ्ठी दिली, ती तिने तीन आठवडे देवघरात ठेवली होती. मी दूरध्वनी केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ''वैद्यबुवा, तुमचंच औषध लागू पडत होतं ना?'' त्या दिवशी मी दवाखाना बंद केला आणि त्यांना स्वतः घेऊन गेलो.