ओळखा पाहू, असं विचारू नका

पोरी, जावईबापू उद्या घरी येतील. टाके निघाले, चालतायत, म्हणजे बरे झाले असं सगळे म्हणतील. पण डोक्याला मार लागलेल्या माणसाचं खरं काम घरी आल्यावर सुरू होतं. यांची मोटारसायकल घसरली तेव्हा मी जे शिकले, ते सांगते.

आधी भेटायला येणाऱ्यांना आवर. जो तो खाटेशी वाकून विचारतो, "ओळखा पाहू, मी कोण?" हे ओशाळून हसायचे आणि मग दिवसभर गप्प. दारातच सांगून ठेव, आल्यावर आपलं नाव आपणच सांगायचं. एका वेळी एकच माणूस, 10 मिनिटं, टीव्ही बंद. गलक्यातून एक आवाज वेगळा काढताना मेंदू दमतो, मग माणूस चिडतो.

काही विचारलंस तर मनात 10 आकडे मोज. शब्द येत असतो, आपणच मध्ये तोंड घालतो.

कामाला लाव, पण चुकवून शिकवू नकोस. मी चहाच्या वेळी म्हणायचे, "आता काय घालायचं, आठवा." हे साखरेऐवजी मीठ घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशीही हात मिठाकडेच. थेरपीच्या बाई म्हणाल्या, स्मरण अधू झालं की केलेली चूकच हाताला बसते. मग मिठाची बरणी उचलली. साखर, पत्ती, आलं, दूध ओळीने मांडायचं, हात चुकायच्या आत सांगायचं, मग एकेक सांगणं कमी करायचं. दीड महिन्याने यांनी माझ्यासाठी चहा केला. गॅसपाशी मात्र मी उभी होते.

आंघोळीला उठत नाहीत म्हणून आळशी म्हणू नकोस गं. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की काम सुरू करणंच जमत नाही. "उठा." मग "टॉवेल घ्या." एका वेळी एकच.

कॅलेंडर डोळ्यांसमोर टांग, रोजचा दिवस त्यांच्याच हाताने खोडून घे. औषधांना मोबाईलचा गजर. फिटची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीची किल्ली तुझ्या कपाटात. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा झटका आला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ.

आणि दुपारी सासूबाईंना त्यांच्यापाशी बसवून तू झोप. मी झोपले नाही, चौथ्या महिन्यात मीच आजारी पडले.

सुरुवातीच्या महिन्यांत फरक भराभर दिसतो, पुढे हळू. यांना भाजीचा हिशेब जमला तो तिसऱ्या वर्षी.