दातांची छायाचित्रे आणि सहाव्या वर्षाची दाढ

वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाच्या जबड्यात दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना एकही दात पडत नाही. त्यामुळे ‘दुधाचीच आहे, पडून जाईल’ अशा समजुतीने पालक तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात, आणि जन्मभर पुरावयाची दाढ हातची जाते. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. परंतु पथकात दंतवैद्य नसतो. रोवणीच्या दिवसांत मुलाला दूर शहरी नेणे म्हणजे सावलीकडील पालकास मजुरी बुडविणे होय. अशा वेळी पालकांनीच मोबाईलवर दातांची छायाचित्रे काढावी व पथकाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत ती दंतवैद्यास दाखवावी. कोणत्या मुलास आधी न्यावयाचे, हे त्यावरून ठरविता येते.

पालकसभेत पुढील कृती प्रत्यक्ष करून दाखवावी :

१. मुलाने चूळ भरावी. पालकांनी हात धुवावे व मोबाईलच्या कॅमेऱ्याची काच पुसावी.

२. मुलास दारात, उजेडाकडे तोंड करून बसवावे.

३. एकाने दोन स्वच्छ चमच्यांच्या दांड्यांनी गाल हलकेच बाजूस धरावे. दुसऱ्याने वीतभर अंतरावरून छायाचित्र घ्यावे. अस्पष्ट आल्यास थोडे मागे सरावे.

४. पाच छायाचित्रे घ्यावी : दात मिटून समोरून, उजवीकडून व डावीकडून, तोंड उघडून वरच्या व खालच्या दाढांची चावण्याची बाजू. शेवटच्या दोहोंत सर्वांत मागची दाढ दिसलीच पाहिजे.

छायाचित्रात पूर्ण चेहरा नसावा. ते पालकांच्या संमतीनेच पाठवावे. वर्गाच्या सामाईक गटावर कदापि टाकू नये. खर्ऱ्याचे डाग आढळल्यास मुलास चारचौघांत लाजवू नये, पालकांशी एकांतात बोलावे.

दोन दातांच्या फटीतील कीड छायाचित्रात बहुधा दिसत नाही. म्हणून ‘छायाचित्र चांगले, तर दात चांगले’ असे शिक्षकाने सांगू नये. गालास सूज, ताप किंवा झोपमोड करणारी कळ असेल, तर उत्तराची वाट न पाहता मुलास रुग्णालयात पाठवावे. आणि ज्यांच्या घरी मोबाईल नाही, त्या मुलांची नावे पथकापुढे सर्वप्रथम ठेवावी.